नोटेवरची आजी

तुमच्या-माझ्या ओळखीतलं कुणी ना कुणी हल्ली ऑस्ट्रेलियात असतंच. कुणाचा भाचा मेलबर्नला शिकायला गेलेला, कुणाची लेक आणि जावई सिडनीला नोकरीला. ही मंडळी सुटीत घरी आली, की त्यांच्याकडची वीस डॉलरची नोट एकदा मागून बघा. तांबूस रंगाची, प्लॅस्टिकची नोट. तिच्यावर एक वयस्कर बाई आहे. डोक्याला झालरीची टोपी, डोळ्यांवर बारीक काड्यांचा चष्मा, चेहरा शांत. एखाद्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईच वाटाव्यात.

या बाईचं नाव मेरी रीबी. ती राणी नव्हती, कुणा गव्हर्नरची बायको नव्हती, संतिणही नव्हती. घोडा चोरला म्हणून वयाच्या तेराव्या वर्षी शिक्षा होऊन काळ्या पाण्यावर गेलेली ती एक कैदी मुलगी होती. १९९४ पासून त्या देशाच्या नोटेवर तिचं चित्र आहे. चोर म्हणून जिला देशाबाहेर काढलं, तिला दुसऱ्या देशानं आपल्या पैशावर बसवलं! हे कसं घडलं, ते आज सांगणार आहे.

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. पण इंग्रजांनी ही शिक्षा आधी स्वतःच्याच लोकांना दिली. पूर्वी ते आपले कैदी अमेरिकेत पाठवायचे. अमेरिका स्वतंत्र झाली आणि ती वाट बंद पडली. तुरुंग भरले, नदीत उभ्या असलेल्या जुन्या जहाजांतही कैदी कोंडावे लागले. मग सरकारला पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाचं ऑस्ट्रेलिया सुचलं. १७८८ मध्ये कैद्यांची पहिली जहाजं सिडनीला लागली आणि ऑस्ट्रेलियात शेवटचं जहाज आलं १८६८ मध्ये. या ऐंशी वर्षांत सुमारे १ लाख ६२ हजार माणसं तिकडे पाठवली गेली. त्यात बायका होत्या साधारण २५ हजार. बहुतेकींचे गुन्हे काय? कापड चोरलं, मालकिणीच्या घरातली भांडी उचलली, कुणाचं पाकीट मारलं. पोटासाठी केलेल्या चोऱ्याच जास्त.

त्या पंचवीस हजारांतली एक आपली मेरी. तिचं मूळ नाव मॉली हेडॉक. जन्म १२ मे १७७७ चा, इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशायर परगण्यातल्या बरी या गावचा. आईबाप लहानपणीच गेले. आजीनं सांभाळलं. जरा मोठी झाल्यावर तिला एका घरी कामाला ठेवलं. तिथून ती पळाली. पोरीच्या जातीनं एकटं रस्त्यानं फिरणं तेव्हा तिकडेही सोपं नव्हतं. तिनं मुलाचे कपडे घातले आणि जेम्स बरो असं नावही घेतलं. याच वेषात ती घोडा चोरल्याच्या आरोपाखाली पकडली गेली. आपल्याला वाटेल, घोडाच तो! पण त्या काळी घोडा म्हणजे गाडी, घोडा म्हणजे नांगर, घोडा म्हणजे घराची सगळी पुंजी. घोडेचोराला फाशीसुद्धा व्हायची. जुलै १७९० मध्ये स्टॅफर्ड इथल्या कोर्टात तिला सात वर्षं हद्दपारीची शिक्षा झाली. जेम्स हा मुलगा नसून मॉली नावाची मुलगी आहे, हेही उघडकीला आलं.

तेरा वर्षांची मुलगी म्हणजे आपल्याकडे सातवी-आठवीतली. परीक्षेच्या भीतीनं जिच्या पोटात दुखतं, त्या वयाची.

मे १७९२ मध्ये रॉयल अ‍ॅडमिरल नावाचं जहाज कैद्यांना घेऊन निघालं आणि ऑक्टोबरमध्ये सिडनीला लागलं. म्हणजे चार महिन्यांवर समुद्रप्रवास. हे जहाज कुणाचं, ठाऊक आहे? आपल्यावर राज्य करणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीचं. ही कंपनी या गोष्टीत पुन्हा येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

जहाज किनाऱ्याला लागताच मॉलीनं आपल्या मावशीला पत्र लिहिलं. ते आजही सिडनीच्या मोठ्या वाचनालयात जपून ठेवलेलं आहे. शुद्धलेखन तोडकंमोडकं आहे, पण मन स्वच्छ दिसतं. आपली तब्येत चांगली आहे असं ती आधी कळवते. घरच्यांना काळजी नको ना! मग सांगते, की शिक्षा सात वर्षांचीच, पण इथले लोक म्हणतात की जन्मभर इथंच राहावं लागणार, आणि त्याचं तिला फार दुःख होतंय. दोन-तीन वर्षांत परत यायची संधी शोधेन आणि तोवर आहे त्या परिस्थितीत शक्य तेवढी सुखात राहीन, असंही लिहिते. पंधरा वर्षांच्या पोरीचं हे पत्र वाचताना घशात आवंढा येतो. रडगाणं कुठेच नाही. खचलेलीही ती दिसत नाही.

सिडनी तेव्हा शहर नव्हतंच. थोडी झोपड्यांसारखी घरं, एक बंदर, मोजूनमापून मिळणारं धान्य. मेरीला मेजर ग्रोस या लष्करी अधिकाऱ्याच्या घरी मुलं सांभाळायच्या कामाला लावलं. दोन वर्षांनी, ७ सप्टेंबर १७९४ ला तिचं लग्न झालं. ती सतरा वर्षांची. नवरा टॉमस रीबी हा आयर्लंडचा तरुण. तो कैदी नव्हता, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतून आलेला, ब्रिटानिया नावाच्या जहाजावरचा अधिकारी होता.

टॉमसला सरकारकडून हॉक्सबरी नदीकाठी जमीन मिळाली. तिथली माती काळी आणि कसदार. सिडनीचं पोट याच नदीकाठच्या धान्यावर भरायचं. रीबी नवराबायकोंनी शेती तर केलीच, शिवाय होड्या घेतल्या आणि शेतकऱ्यांचं धान्य नदीतून सिडनीला आणायचा धंदा सुरू केला. खरा पैसा वाहतुकीत आणि व्यापारात आहे हे त्यांना लवकर उमगलं. मग कोळसा, देवदाराचं लाकूड, सीलची कातडी असा माल वाढत गेला. जहाजं दूर जाऊ लागली, पार चीन आणि हिंदुस्थानपर्यंत.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. ती कसदार जमीन रिकामी पडलेली नव्हती. तिथं दारुग नावाचे मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. नदीकाठी उगवणारे कंद हे त्यांचं रोजचं अन्न. गोऱ्यांनी तिथं गहू-मका पेरला आणि त्यांचं अन्नच गेलं. पाठोपाठ मारामाऱ्या आणि हत्या सुरू झाल्या. इंग्लंडनं ज्यांना हाकललं, त्यांनी इथं येऊन दुसऱ्यांना हाकललं. मेरीच्या भरभराटीच्या पायाशी हेही आहे. तिचं कौतुक करताना ते झाकून चालणार नाही.

टॉमस सदा समुद्रावर. घर, मुलं, गोदाम, हिशेब, उधारी हे सगळं मेरी बघायची. मध्यंतरी तिनं खाणावळीसारखं एक हॉटेलही चालवलं. त्यांनी सिडनीत मॅक्वारी प्लेस या भागात दगडी घर बांधलं, त्याचं नाव ठेवलं एंटाली हाउस. हे नाव कुठलं? आपल्या कलकत्त्याचं! एंटाली ही कलकत्त्यातली वस्ती. टॉमसच्या मनात ती घर करून बसली असावी. आपण नाही का, गावी घर बांधताना कुठल्याशा आवडत्या गावाचं नाव दारावर लावत?

सात मुलं झाली. तीन मुलगे, चार मुली. धाकटी तर १८१० ची. आणि १८११ च्या एप्रिलमध्ये टॉमस वारला. हिंदुस्थानच्या फेरीहून तो आजारीच परतला होता. महिन्याभरात त्याचा भागीदार एडवर्ड विल्सही गेला. मेरी तेव्हा चौतिशीलाही पोचली नव्हती. पदरात सात लेकरं, डोक्यावर जहाजं, गोदामं, देणी-घेणी आणि मागे माहेरचं कुणी नाही.

आता एक कायद्याची गोष्ट. तेव्हाच्या इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईच्या नावावर मालमत्ता राहतच नसे. तिचं जे काही असेल ते नवऱ्याचं. तिला स्वतःच्या नावानं करार करता येत नसे, कोर्टात दावा लावता येत नसे. विधवेला मात्र हे सगळं करता यायचं. म्हणजे नवरा गेल्यावरच बाई कायद्याच्या नजरेत माणूस व्हायची! बचत गटाच्या कामात मी कितीतरी जणी पाहते. वर्षानुवर्षं शेतात राबतात, पण सातबाऱ्यावर नाव चढतं ते कुंकू पुसल्यावर. मेरीचंही तसंच. सतरा वर्षं तिनं जे नवऱ्याच्या नावानं चालवलं, ते आता स्वतःच्या नावानं चालवायला लागली. तिनं पुन्हा लग्न केलं नाही. केलं असतं तर सगळं पुन्हा दुसऱ्याच्या हाती गेलं असतं.

पुढच्याच वर्षी, १८१२ मध्ये, तिनं जॉर्ज स्ट्रीटवर नवं गोदाम उघडलं. १८१७ मध्ये आणखी जहाजं घेतली. त्यातल्या एकाचं नाव गव्हर्नर मॅक्वारी. याच मॅक्वारींचं धोरण होतं, की शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला पुन्हा समाजात जागा द्यायची. ते अशांना आपल्या पंगतीलाही बसवायचे, आणि त्यामुळे बाकीची गोरी प्रतिष्ठित मंडळी नाकं मुरडायची. मेरीला हा आधार मोलाचा ठरला.

१८१७ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियातली पहिली बँक, बँक ऑफ न्यू साउथ वेल्स, सुरू झाली. ती कुठं उघडली असेल? मॅक्वारी प्लेसमधल्या मेरीच्या घरात, भाड्याच्या जागेत. चोरीच्या गुन्ह्यात आलेल्या बाईच्या घरात देशाची तिजोरी! हीच बँक १९८२ पासून वेस्टपॅक या नावानं ओळखली जाते.

पण मेरीला देवी करायचं कारण नाही. त्याच १८१७ च्या मे महिन्यात कोर्टानं तिला एका माणसाला मारहाण केल्याबद्दल दोषी ठरवलं. त्यानं तिचे पैसे थकवले होते. वसुलीच्या बाबतीत बाई कडक होती आणि वेळप्रसंगी हातही उगारायची. सात मुलं घेऊन बंदरावरच्या पुरुषांशी व्यवहार करायचा, तर मऊपणा परवडत नसणार. तरी चूक ती चूकच.

त्या सुमारास तिची मालमत्ता वीस हजार पौंडांच्या घरात असल्याचं बोललं जायचं. १८२० पर्यंत तिच्याकडे एक हजार एकर जमीन होती. एवढं सगळं मिळवल्यावर तिला काय हवं होतं? घरी जायचं होतं.

१८२० मध्ये सीलिया आणि एलायझा या दोन लेकींना घेऊन मेरी इंग्लंडला गेली. जाताना तळघरात कोंडलेली कैदी, येताना स्वतःचं तिकीट काढून आलेली श्रीमंत व्यापारी बाई. तिनं या प्रवासाची रोजनिशी ठेवली. ब्लॅकबर्नला, जिथं तिचं बालपण गेलं, त्या आजीच्या घरात ती पुन्हा पाऊल टाकते, तो भाग वाचण्यासारखा आहे. जवळजवळ एकोणतीस वर्षांनी ती आली होती आणि घर होतं तसंच होतं. तिला काय वाटलं ते शब्दांत सांगणं अशक्य आहे, एवढंच ती लिहिते. नातेवाइकांनी, जुन्या ओळखीच्यांनी तिला चांगलं वागवलं. पण तिथं ती राहिली नाही. पुढच्या वर्षी लेकींसह सिडनीला परतली. पत्रात ज्या घरासाठी झुरली, ते घर आता पाहुणीसारखं बघून यायचं झालं होतं.

या प्रवासाचा तिनं पुढे एक वेगळाच उपयोग केला. १८२८ मध्ये वसाहतीत जनगणना झाली. प्रत्येकाच्या नावापुढे एक खूण लिहायची होती. इथं जन्मला की स्वखुशीनं आला, कैदी आहे की शिक्षा भोगून सुटला. ही दोन-दोन अक्षरं माणसाच्या कपाळावर गोंदल्यासारखी असायची. लग्न जुळवताना, नोकरी देताना, जेवायला बोलावताना लोक हेच बघायचे. मेरीनं आपल्यापुढे लिहून दिलं, की ती १८२१ मध्ये मोकळी, स्वखुशीनं आली. पाहायला गेलं तर हे खोटं नव्हतं. १८२१ मध्ये ती खरंच स्वतःच्या मर्जीनं आली होती! फक्त त्याआधीचं १७९२ तिनं वगळलं.

या एका ओळीवर मी बराच विचार केला. सात वर्षांची शिक्षा १७९७ मध्येच संपली होती. त्यानंतर तीस वर्षं तिनं कष्ट केले, मुलं मोठी केली. १८२५ मध्ये तर एका शाळेच्या नियामक मंडळावरही तिची नेमणूक झाली होती. तरीही पन्नाशी ओलांडलेल्या त्या बाईला तेराव्या वर्षीचा डाग झाकावासा वाटला. स्वतःसाठी नसेल कदाचित. घरात लग्नाच्या मुली होत्या, नातवंडं वाढत होती. आपल्या चुकीची सावली लेकरांवर पडू नये, असं कुठल्या आईला वाटत नाही?

पैसा तिच्याकडे राहिला, पण दुःखांनी पाठ सोडली नाही. १८२३ या एकाच वर्षात सीलिया आणि मुलगा जॉर्ज दोघंही गेली. १८४२ मध्ये थोरला टॉमस, १८४३ मध्ये जेम्स. तिन्ही मुलगे आईच्या आधी गेले. हळूहळू तिनं धंद्यातून अंग काढून घेतलं. भाड्याच्या आणि गुंतवणुकीच्या पैशावर ती सिडनीजवळ न्यूटाउनला राहायची. ३० मे १८५५ ला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती वारली.

तिच्या पुढच्या पिढीचं काय झालं? थोरला मुलगा टॉमस बेटावर, म्हणजे आजच्या टास्मानियात, स्थायिक झाला होता. हॅडस्पेन या गावी त्यानं मोठा वाडा बांधला आणि त्यालाही एंटालीच नाव दिलं. कलकत्त्याच्या वस्तीचं नाव असं आजोबांकडून बापाकडे, बापाकडून लेकाकडे समुद्र ओलांडत गेलं. तो वाडा अजून उभा आहे. त्या टॉमसचा मुलगा, म्हणजे मेरीचा नातू, तोही टॉमसच. तो आधी धर्मगुरू होता, मग राजकारणात गेला आणि १८७६ मध्ये टास्मानियाचा पंतप्रधान झाला. आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखं हे पद. आजी आरोपीच्या पिंजऱ्यात, नातू सरकारच्या खुर्चीत. मध्ये फक्त एक पिढी.

पण त्या काळात अशा घरांमध्ये आजीचा मूळ इतिहास कुणी बोलत नसे. हजारो कुटुंबांनी हेच केलं. कागद लपवले, नावं थोडी बदलली, मुलांनी विचारलं तर विषय बदलला. घरात एखाद्या आत्याबद्दल, काकूबद्दल गप्प बसायची रीत आपल्याला काही नवी नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र वारं फिरलं. लोक आपली वंशावळ शोधू लागले आणि घराण्यात एखादा कैदी सापडला, तर अभिमानानं सांगू लागले. २००७ मध्ये युनेस्कोनं ऑस्ट्रेलियातल्या कैद्यांच्या नोंदींना जगाच्या स्मृतिठेव्यात स्थान दिलं.

यात गंमत अशी, की हे सगळं शोधता येतं ते सरकारनं या माणसांना गुन्हेगार ठरवलं म्हणूनच. कोर्टाचं रजिस्टर, जहाजावरची यादी, वसाहतीतली हजेरी, जमिनीचे कागद, जनगणना, १८०३ पासून निघणाऱ्या सिडनी गॅझेटमधल्या जाहिराती. त्याच वर्षी लँकेशायरमध्ये जन्मलेल्या कितीतरी गरीब, पोरक्या मुली चूल-मूल करून मेल्या, त्यांचं नाव चर्चच्या वहीपलीकडे कुठे नाही. मेरीनं जे झाकायचा प्रयत्न केला, त्याच नोंदींमुळे आज तिचं पूर्ण आयुष्य आपल्यापुढे आहे.

आणि ते पूर्ण आहे म्हणूनच मोलाचं आहे. नुसती श्रीमंत व्यापारी बाई नोटेवर आली असती, तर कुणी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं. तिच्यातली पळून आलेली पोर, मुलाच्या वेषातला जेम्स बरो, मावशीला धीराचं पत्र लिहिणारी कैदी, ऐन तिशीतली विधवा, वसुलीसाठी हात उगारणारी सावकारीण, आजीच्या घरात गहिवरलेली पाहुणी, या सगळ्या जणी त्या चष्म्याच्या मागे आहेत.

आपल्या गल्लीतही एखादी असते. कधीकाळी घरातून पळालेली, पोलीस स्टेशनची पायरी चढलेली, चार लोकांत नाव गेलेली. वीस वर्षं ती नीट संसार करते, मुलं शिकवते, तरी हळदीकुंकवाला तिचं नाव निघालं की दोघी एकमेकींकडे बघतात. मेरीला तिचा १७९२ लपवावा लागला. आपल्या गल्लीतलीला लपवावा लागू नये, एवढं तर आपल्या हातात आहे. या संक्रांतीला वाण द्यायला निघाल, तेव्हा तिच्याही दारावरून जा.